चकतीविना पिशवी

गोदामात तिला सगळे वहिनी म्हणत. तिचा धाकटा दीर तिथे आधी कामाला होता. त्याने तिला चिकटवून दिलं आणि स्वतः वर्षभरात दुसरीकडे निघून गेला. दीर गेला, पण वहिनी हे नाव मागे राहिलं. वीस वर्षांच्या पोरींपासून पन्नाशीच्या मावशीपर्यंत सगळ्यांची ती वहिनी झाली.

काम तसं सोपं होतं. लोक घरबसल्या फोनवरून वस्तू मागवायचे. त्या या गोदामातून निघायच्या. पोरं हातगाड्या घेऊन मांडण्यांमधून वस्तू काढून आणत, आणि सहा टेबलांवर बसलेल्या सहा बाया त्या खोक्यांत भरून, लेबल चिकटवून, सरकत्या पट्ट्यावर सोडत. वहिनीचा क्रमांक सतरा. तिने भरलेल्या प्रत्येक खोक्याच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात बारीक सतरा छापून येई.

गोम पुढेच होती. प्रत्येक ऑर्डरीला चोवीस तासांचं घड्याळ लागलेलं असे. खालच्या मजल्यावरच्या वस्तू चटकन मिळत. फारशा न खपणाऱ्या वस्तू वरच्या मजल्यावर, आणि तिथे गाडी दिवसातून दोनदाच जाई. मग एखाद्याने दोन वस्तू मागवल्या, एक खालची आणि एक वरची, की खालची येऊन टेबलावर बसे आणि वरची येता येत नसे. घड्याळ संपत आलं की पडदा लाल होई आणि त्यावर दोन बटणं उमटत. एकावर लिहिलेलं असे ‘थांबा’, दुसऱ्यावर ‘तोडा’.

‘तोडा’ दाबलं की हाती असलेली वस्तू एकटीच निघे आणि त्याच क्षणी सबंध ऑर्डर हिरवी होई. वेळेवर गेली, असं भिंतीवरच्या मोठ्या फळ्यावर दिसे. मागे राहिलेली वस्तू ‘उर्वरित’ नावाच्या यादीत जाऊन पडे. त्या यादीला घड्याळ नव्हतं. तिथे वस्तू दोन दिवस पडो की दोन आठवडे, फळ्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

उशीर होतो म्हणून कंपनीने काढलेली ही तोड. उशीर कमी झाला नाही, फक्त दिसेनासा झाला. फळ्यावर मात्र रोज अठ्ठ्याण्णव टक्के झळकत, आणि त्या आकड्यावर वरच्यांच्या बढत्या होत.

‘थांबा’ दाबायला कुणाला बंदी नव्हती. तसं नियमात कुठेही लिहिलेलं नव्हतं. पण दाबलं की सुपरवायझर टेबलाशी हजर होई. त्याचं प्रत्येक वाक्य ‘एक मिनिट’ने सुरू होई, म्हणून बायांनी त्याचं नाव मिनिट ठेवलं होतं. तो आवाज चढवत नसे. शेजारी उभा राहून हातातल्या आकडे दाखवणाऱ्या पाटीकडे बघत राही, एवढंच. तेवढ्यानेही बोटं आपोआप ‘तोडा’कडे वळत.

त्या शुक्रवारी वहिनीने एकशे चौदा ऑर्डरी तोडल्या. त्यात कुणाचं छपाईयंत्र शाईशिवाय गेलं, कुणाचा दिवा बल्बशिवाय गेला. एकाने कुबड्या मागवल्या होत्या, दोन नग. त्यातली एक खाली सापडली, दुसरी वर होती. मावशी म्हणाली, पाठव गं, तोवर एका पायावर उडी मारत बसेल. सगळ्या हसल्या, वहिनीही हसली. मग तिने ‘तोडा’ दाबलं आणि पुढचं खोकं ओढलं. एका ऑर्डरीला बावीस सेकंद मिळत. तेवढ्यात माणूस हसू शकतो. विचार करायला ते पुरत नाहीत.

घरी ती, तिचा बसचालक नवरा आणि सासरे, अशी तिघं होती. सासऱ्यांना आप्पा म्हणत. आप्पा सुतार होते. चाळीस वर्षं त्यांनी दारं, खिडक्या, कपाटं केली. वर्षभरापूर्वी आतड्याच्या आजारात मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण शौचाची वाट पोटाच्या डाव्या बाजूला काढावी लागली. तिथल्या तोंडाभोवती एक चकती चिकटवायची आणि चकतीच्या कड्यात पिशवी अडकवायची. पिशवी रोज बदलता येते. चकती चार दिवस टिकते, मग तिचा डिंक सुटतो.

सुरुवातीला आप्पा खचले होते. मग हळूहळू त्यांनी ते अंगवळणी पाडून घेतलं. चकतीचं भोक ते स्वतः मापाने कापत, कडा नखाने गुळगुळीत करत. ‘सांधा बसला पाहिजे,’ म्हणत. सांधा बसला की सदरा चढवून संध्याकाळी बागेत जात आणि त्यांच्या वयाच्या तिघा-चौघांशी जगाच्या उचापती करत. त्यांच्या सदऱ्याखाली काय आहे ते त्या मित्रांना कधी कळलं नाही, आणि आप्पांना कळू द्यायचं नव्हतं.

चकत्या संपत आल्याचं नवऱ्याच्या लक्षात आलं ते त्याच आठवड्यातल्या गुरुवारी, शेवटची चकती लावली तेव्हा. त्याने लगेच फोनवर पिशव्या आणि चकत्या मागवल्या. दोन दिवसांत, असं वहिनीच्या कंपनीचं वचन होतं. शनिवारी खोकं आलंही. आप्पांनी स्वतः उघडलं. आत तीस पिशव्या होत्या आणि चकती एकही नव्हती. चिठ्ठीवर ‘आपली उर्वरित वस्तू लवकरच’ असं छापलेलं.

उद्या येईल, वहिनी म्हणाली. तिला माहीत होतं की उद्या येईलच असं काही नाही. पण सांगायचं काय?

रविवारी आली नाही. सोमवारी जुन्या चकतीची कड सुटली. वहिनीने चिकटपट्टी लावली, ती तासाभरात ओली होऊन निघाली. नवऱ्याने ड्युटी संपवून औषधांची दुकानं पालथी घातली. एकाने दहा दिवसांनी मागवून देतो म्हटलं. दुसऱ्याकडे चकत्या होत्या, पण वेगळ्या कंपनीच्या. त्यांच्या कड्यात या पिशव्या बसेनात. शस्त्रक्रिया झाली ते इस्पितळ दुसऱ्या शहरात होतं. तिथे फोन केला तर म्हणाले, रुग्णाला घेऊन या, तपासून देऊ. बसमध्ये सहा तास, तेही या अवस्थेत. आप्पांनी साफ नकार दिला.

त्या दिवसापासून आप्पांचा मुक्काम न्हाणीघरात हलला. आत प्लास्टिकचं स्टूल, मांडीवर जुने टॉवेल. कातडी सोलवटून लाल झाली होती. सुनेने हात लावलेला त्यांना चालेना आणि मुलाने बघितलेलंही चालेना. बागेतल्या मित्रांनी हाक मारली तेव्हा आतूनच डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. डोकं चार दिवस दुखत राहिलं.

मंगळवारी वहिनीने जेवणाच्या सुट्टीत फाटकाबाहेर जाऊन कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजाची होती. तिने ऑर्डरीचा आकडा विचारला, तो पडद्यावर टाकला, आणि म्हणाली, ‘ताई, इथे हिरवं दिसतंय. तुमची ऑर्डर वेळेवर पोहोचली आहे.’

वहिनीने सांगितलं, अर्धीच पोहोचली आहे आणि माणूस आजारी आहे. मुलीने ते सगळं ऐकून घेतलं. मग पुन्हा म्हणाली की तिच्या पडद्यावर हिरवंच आहे, आणि हिरव्यावर तक्रार नोंदवता येत नाही. आणखी काही मदत हवी आहे का, असंही तिने विचारलं.

बुधवारी नवऱ्याने पुन्हा ऑर्डर दिली, यावेळी फक्त चकत्या. ती सोमवारी येणार असं उत्तर आलं. त्याच संध्याकाळी वहिनी रिकामं खोकं चपटं करून टाकायला निघाली होती. चिठ्ठी सोलताना तिची नजर सवयीने कोपऱ्यात गेली. घरी चिठ्ठीचा तो कोपरा कुणी बघत नाही. तिथे काय असतं ते फक्त टेबलावरच्या बायांना ठाऊक असतं.

सतरा.

एकशे चौदातली एक ही होती. पडद्यावर नाव नसतं, पत्ता नसतो, लेबलावरही नुसते आकडे आणि पट्टे असतात, हे खरं. पण पिशव्यांचं ते खोकं तिच्या हातांतून गेलं होतं. वर्षभर घरात येत असलेलं खोकं, त्याच करड्या रंगाचं, त्याच वजनाचं. ते तिने ओळखायला हवं होतं. हातांनी ओळखलं नाही, कारण हातांना ओळखायची सवयच उरली नव्हती.

गुरुवारी आणखी एक गोष्ट कळली. आप्पांचं ताट घासायला घेतलं तेव्हा कचऱ्याच्या डब्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं सगळं जेवण सापडलं. आदल्या दिवशीचंही होतं. वहिनीने न्हाणीघराच्या दारातून विचारलं. आप्पा म्हणाले, ‘खाल्लं नाही तर येत नाही. पाणी कमी प्यालं की अजून कमी येतं. सोमवारपर्यंतचा प्रश्न आहे.’

तिने हातापाया पडून त्यांना दूध प्यायला लावलं. त्यांनी तिच्यासमोर अर्धा पेला घेतला. उरलेल्या अर्ध्याचं काय झालं, देव जाणे.

शुक्रवारी सकाळी ती गोदामात पोचली ती थेट मिनिटकडे गेली. सगळं सांगितलं आणि वर जाऊन ती चकत्यांची ऑर्डर पुरी करू द्या म्हणून विनवलं. मिनिट म्हणाला, एक मिनिट, घरच्यांच्या ऑर्डरीला हात लावणं नियमात बसत नाही, आणि वरचा मजला तुझा नाही. त्याचा चेहरा कठोर नव्हता. त्याच्या घरीही म्हातारी आई होती, हे वहिनीला माहीत होतं. पण त्याने पाटीकडे बघितलं आणि तो निघून गेला.

चहाच्या सुट्टीत ती जिना चढून वर गेली. चकत्यांच्या कप्प्याचा क्रमांक तिने सकाळी पडद्यावर काढून पाठ केला होता. चकत्यांची खोकी तिथे होती. तिने मोजली. बेचाळीस. त्यांच्यावर धूळ बसली होती, म्हणजे ती आज आलेली नव्हती. गेल्या शुक्रवारी होती, त्याआधीही होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे वळसाही कुणी घातला नव्हता. टेबलापासून इथवर दोन जिने, एवढंच अंतर. त्या दोन जिन्यांपायी एक म्हातारा माणूस पाच दिवस न्हाणीघरात बसला होता, तोही उपाशी.

तिने एक खोकं उचललं आणि खाली आणलं. उर्वरित यादीतून ऑर्डर शोधली, भरली, लेबल लावलं, पट्ट्यावर सोडली. वर जाण्यापासून पट्ट्यावर ठेवेपर्यंत अकरा मिनिटं लागली. यादीतल्या इतर ओळी तिने तेव्हा पहिल्यांदा वाचल्या. त्या तीन हजारांच्या वर होत्या.

दुपारी तीनला शेजारणीचा फोन फाटकावर आला. आप्पा न्हाणीघरात पडले होते. दार फोडून काढावं लागलं.

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हा की यांना पाणी का दिलं नाही. शरीरातलं पाणी आटल्याने मूत्रपिंडं बंद पडली होती. मूळचीच अशक्त होती, त्यात हा मार. सलाईन लावलं, रक्त शुद्ध करायच्या यंत्राला जोडलं. पाचव्या दिवशी आप्पा शुद्धीवर आले, पण मूत्रपिंडं काही परत आली नाहीत. यापुढे आठवड्यातून दोनदा, चार चार तास यंत्राला जोडून घ्यायचं, जन्मभर, असं बाईंनी सांगितलं. इस्पितळात चकत्या होत्या. नर्सने पहिल्याच दिवशी एक लावून टाकली. तिला दोन मिनिटं लागली.

वहिनीने आप्पांना खरं सांगायचं ठरवलं. नवरा नको म्हणत होता. म्हाताऱ्या माणसाला आता कशाला, असं त्याचं म्हणणं. पण तिने ऐकलं नाही. एका दुपारी खाटेशेजारी बसून तिने सगळं सांगितलं, घड्याळ, दोन बटणं, बेचाळीस खोकी, आणि चिठ्ठीवरचा सतरा.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘तुला माहीत होतं?’

‘कुणाची ऑर्डर आहे ते माहीत नव्हतं, आप्पा. शपथ.’

‘म्हणजे दुसऱ्या कुणाची असती तर चाललं असतं.’

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. दोन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. तिने दिलेलं पाणी त्यांनी घेतलं, पण नजर दिली नाही. वहिनीला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण ती लहानपणापासून ऐकत आली होती आणि ती नेहमी इतर लोकांबद्दल आहे असं धरून चालली होती.

तिसऱ्या दिवशी आप्पांनीच हाक मारली. त्यांचा आवाज अजून बारीक होता. म्हणाले, ‘पोरी, मी दार करून द्यायचो. बिजागरी मागाहून आणतो म्हणून चौकटीला नुसतं टेकवून आलो असतो आणि झालं काम म्हटलं असतं, तर लोकांनी मला उंबऱ्यावर उभं केलं नसतं. मालक कोण आहे ते बघून मी कधी बिजागऱ्या लावल्या नाहीत.’ मग म्हणाले, ‘आता तू काय करणार, ते मला सांग. रडू नकोस. रडून माझं काही भागत नाही.’

त्यानंतरच्या सोमवारी ती कामावर गेली. दहाच्या सुमाराला पहिला लाल पडदा आला. रक्तातली साखर मोजायचं यंत्र खाली सापडलं होतं, त्याच्या पट्ट्या वर होत्या. वहिनीने ‘थांबा’ दाबलं, उठली, जिना चढली, पट्ट्या घेऊन आली आणि ऑर्डर पुरी भरली. दुसरी लाल ऑर्डर लहान मुलाच्या पाळण्याची. पाळणा खाली, त्याचे कठडे वर. ती पुन्हा उठली.

अकरा वाजता मिनिट शेजारी येऊन उभा राहिला. पाटीकडे बघू लागला. वहिनीने त्याच्याकडे बघितलं नाही. शेवटी त्याला बोलावं लागलं. तो म्हणाला की सतरा नंबरचा आकडा सत्तरवर आलाय, सबंध गोदामाचा फळा खाली जातोय, वरून फोन येतायत. तिच्या घरी जे झालं त्याचं त्याला वाईट वाटतं. पण एका माणसासाठी पद्धत बदलत नाही.

‘उर्वरित यादीत तीन हजार माणसं आहेत,’ वहिनी म्हणाली. ‘तुम्ही वाचली आहे का कधी?’

त्याने वाचली नव्हती. वाचायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. या सगळ्या कारभारातली हीच सर्वांत संतापजनक गोष्ट. कुणी दुष्ट नव्हतं. सगळे आपापल्या पडद्यावरचं हिरवं सांभाळत होते. खोकी दुप्पट लागत, पोचवणारा माणूस एकाच घराचे चार मजले दोनदा चढे, आणि आजारी माणूस दाराकडे कान लावून बसे. पण ज्या आकड्यावर सगळ्यांच्या नोकऱ्या टांगलेल्या होत्या, त्यात यातलं काही येत नव्हतं. मग ते घडलंच नाही असं समजायचं.

मावशी शेजारच्या टेबलावरून हे ऐकत होती. तिच्यासमोरही लाल पडदा होता. ती गुडघ्यांनी अधू, जिना चढणं तिच्या जिवावर येई. तिने ‘थांबा’ दाबलं आणि कठड्याला धरून एक एक पायरी वर चढू लागली. त्या दिवशी दुपारपर्यंत सहापैकी चार टेबलं थांबत होती. उरलेल्या दोघी मान खाली घालून तोडत राहिल्या. त्यांच्या घरी खाणारी तोंडं होती आणि कमावणाऱ्या त्याच. कुणी त्यांना बोल लावला नाही. संध्याकाळी फळ्यावर एकसष्ट टक्के होते. पण दुपारनंतर त्या चार टेबलांवरून निघालेलं प्रत्येक खोकं पुरं भरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीला कचेरीत बोलावलं. टेबलावर कागद तयार होता. कामात संथपणा, वारंवार जागा सोडणे, म्हणून सेवा समाप्त. सही कर म्हणाले. तिने कागद पूर्ण वाचला.

‘खरं कारण लिहा,’ ती म्हणाली. ‘ऑर्डर पुरी पाठवली म्हणून काढलं, असं लिहा. लगेच सही करते.’

कचेरीतला माणूस मिनिटकडे बघू लागला, मिनिट पाटीकडे. तसं लिहिता येणार नाही, असं तो माणूस म्हणाला. वहिनीने पेन टेबलावर ठेवलं आणि सही न करता बाहेर पडली. मावशी आणि इतर दोघींना त्याच आठवड्यात दुसऱ्या कामावर टाकलं, नव्या पोरी आणल्या, आणि फळा परत अठ्ठ्याण्णववर गेला. तो आजही तिथेच असेल.

नवऱ्याने घरी जास्त काही विचारलं नाही. दुसरीकडे काम मिळेपर्यंत जादा फेऱ्या घेतो, एवढंच म्हणाला. आप्पा त्या दिवशी यंत्रावर होते. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

पुढच्या सोमवारी वहिनी ग्राहक तक्रारींच्या सरकारी कार्यालयात गेली. सोबत चिठ्ठी, ‘पोहोचली’ असा फोनवरचा संदेश छापून घेतलेला कागद, आणि डॉक्टरीणबाईंचं पत्र. तिथला कारकून भला होता. त्याने कागद लावून घेतले, अर्ज काढला, आणि तक्रार कोणाविरुद्ध म्हणून विचारलं. तिने कंपनीचं नाव सांगितलं. त्याने ते लिहिलं आणि अर्ज सहीसाठी तिच्याकडे सरकवला.

‘अजून एक नाव लिहायचं आहे,’ वहिनी म्हणाली. ‘माझं.’

‘तुमचं वर लिहिलंय की. तक्रारदार म्हणून.’

‘तिथे नाही. कंपनीच्या खाली. ऑर्डर तोडली ती मी. बटण दाबणारं माणूस कोण होतं, तेही कागदावर यायला पाहिजे.’

कारकुनाने चष्मा काढला. बाई, तुमची केस तुम्हीच कमजोर कशाला करता, म्हणाला. मग अर्जात तशी जागाच नाही म्हणाला. वहिनी म्हणाली, मग खाली कोऱ्या जागेत लिहा. मागे रांगेतली माणसं चुळबुळ करू लागली. ती खिडकीपासून हलली नाही.

शेवटी त्याने लिहिलं. तिने वाचून पाहिलं. त्याने ‘ऑर्डर विभागली गेली’ असं लिहिलं होतं. तिने ते त्याला खोडायला लावलं, ‘मी तोडली’ असं लिहवून घेतलं, आणि मगच खाली सही केली.